सावळजचा वग, वाटेगावची कादंबरी आणि कॅमेऱ्यामागची जागा

मराठी सिनेमाने तमाशावर पोट भरले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तमाशाला गोष्ट कोणी दिली? उत्तर तासगाव तालुक्यात सापडते.

तासगाव तालुक्यात सावळज नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे उमाबाबू सावळजकर या मातंग तमासगीराचा फड होता. १८६५ च्या सुमाराचा ‘मोहना बटाव’ हा वग त्याच्या नावावर नोंदला जातो आणि मराठीतला पहिला वग म्हणून अभ्यासक त्याच्याकडे बोट दाखवतात.

वग म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे लागेल. तमाशात गण होता, गौळण होती, लावणी होती, सवाल-जवाब होते. पण आरंभ, मध्य आणि शेवट असलेले सलग कथानक नव्हते. वगाने ते आणले. राजा, प्रधान, सावकार, हवालदार अशी पात्रे उभी राहिली आणि प्रेक्षक ‘पुढे काय झाले’ या ओढीने पहाटेपर्यंत बसू लागला. चित्रपटगृहात तिकीट काढून बसलेला माणूस ज्या ओढीने बसतो, तीच ही ओढ. गावकुसाबाहेरच्या माणसाने मराठी मुलखाला गोष्टीचे असे व्यसन लावले तेव्हा पॅरिसमधला लुमिएर बंधूंचा पहिला खेळ आणखी तीस वर्षे दूर होता.

सांगलीहून तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर कवलापूर लागते. तिथल्या खाडे घराण्याच्या फडातून पुढे काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी निघाली. लहू आणि अंकुश खाडे ही त्यांची खरी नावे. ‘जहरी प्याला’ या वगातल्या दोन हवालदारांच्या सोंगांनी त्यांना उभ्या महाराष्ट्रात नेले. हाही दलित कलावंतांचाच फड. कथा, गाणे, विनोद, अभिनय, वाद्ये, फडाचा हिशेब आणि मुक्कामाची व्यवस्था, सगळे एकाच घरात. आजच्या भाषेत सांगायचे तर लेखक, दिग्दर्शक, नट, निर्माता आणि वितरक एकाच राहुटीत राहत होते.

मग सिनेमा आला, आणि ही राहुटी वाटली गेली. काही गोष्टी स्टुडिओत गेल्या. काही बाहेर राहिल्या.

भारतीय चित्रपटाचा आरंभ ‘राजा हरिश्चंद्र’पासून, म्हणजे १९१३ पासून मोजतात. पुढच्या दशकात कोल्हापुरात बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिच्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये ‘प्रभात’ काढली. हे जग सर्वस्वी उच्चवर्णीयांचे होते असे म्हणणे चुकीचे ठरेल. पेंटर स्वतः कारागीर घराण्यातले होते, आणि नट-तंत्रज्ञांत नाना जातिधर्मांची माणसे होती. कारागीर, चित्रकार, मल्ल, गायक या साऱ्यांना स्टुडिओचे दार कुठून ना कुठून उघडत होते. महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून दिग्दर्शकाच्या खुर्चीपर्यंत जाणारी वाट मात्र दिसत नव्हती.

अस्पृश्यतेचा विषय वर्ज्य होता असेही नाही. ‘प्रभात’चा ‘धर्मात्मा’ (१९३५) संत एकनाथांवर होता. बालगंधर्वांनी त्यात नाथ साकारले. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. पुढच्याच वर्षी बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ आला. दोन्ही चित्रपटांचा हेतू निर्मळ होता, आणि त्या काळात तेवढे दाखवायलाही धैर्य लागत होते. तरी त्यांच्यातला कॅमेरा कुठे उभा आहे, ते पाहावे. ‘धर्मात्मा’त महाराच्या घरी जेवायला जाणारा नायक आहे, जेवू घालणारा प्रसंगापुरता आहे. ‘अछूत कन्या’तली नायिका अखेरीस रेल्वेखाली जीव देते. दलित माणूस इथे करुणेचा विषय आहे. गोष्ट त्याच्याबद्दल आहे. त्याच्या तोंडून आलेली नाही.

१९४७ मध्ये ‘राम जोशी’ आला आणि तमाशापटांचे पर्व सुरू झाले. तमाशावरच्या या पहिल्या मोठ्या चित्रपटाचा नायक सोलापूरचा ब्राह्मण शाहीर होता. निवड ऐतिहासिकदृष्ट्या चुकीची नव्हती, कारण राम जोशी खरेच होऊन गेला. पण बोलकी नक्कीच होती. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ने पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे मुक्काम ठोकला. त्यानंतर फेटा, ढोलकी, पाटील आणि बारी हा पुढच्या दोन दशकांचा हुकमी मसाला झाला. सावळजच्या आणि कवलापूरच्या माणसांनी घडवलेला प्रकार आता लाखो रुपये मिळवत होता. फड मात्र उघड्या माळावर, राहुटीतच होते.

या जिल्ह्यातल्या दोन मुलांच्या वाटा शेजारी ठेवल्या की हा फरक नीट उमगतो.

पहिला मुलगा १ ऑक्टोबर १९१९ ला आटपाडी भागातल्या शेटफळे गावी जन्मला. घर ब्राह्मणाचे, पण कमालीचे गरीब. औंध संस्थानात शिकला, मॅट्रिकला गणिताने दगा दिला, आणि पोटासाठी तो कोल्हापूरला सिनेमाच्या दारात जाऊन उभा राहिला. मास्टर विनायकांच्या ‘हंस पिक्चर्स’मध्ये त्याला किरकोळ कामे मिळाली, १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त तो पडद्यावर दिसला. तिथेच तो पाहत, ऐकत, लिहीत गेला. हा मुलगा म्हणजे ग. दि. माडगूळकर. ‘राम जोशी’ त्यांच्याच लेखणीतून उतरला, आणि ‘दो आँखें बारह हाथ’ची कथाही त्यांचीच.

दुसरा मुलगा १ ऑगस्ट १९२० ला वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी जन्मला. घर मातंगाचे. शाळेची हजेरी दीड दिवसाची. दहा-अकरा वर्षांचा असताना तो कुटुंबासोबत पायी मुंबईला निघाला. वाटेत मिळेल ती मजुरी करीत ही माणसे महानगरात पोहोचली. तिथे हमाली, गिरणीकाम, फेरीवाल्याचा धंदा, युनियनची पत्रके वाटणे अशी कामे करता करता तो दुकानांच्या पाट्यांवरून आणि भिंतीवरच्या पोस्टरांवरून अक्षरे जुळवायला शिकला. हा मुलगा म्हणजे अण्णा भाऊ साठे.

वयात अवघे दहा महिन्यांचे अंतर. गावे आज एकाच जिल्ह्यात. तेव्हा एक औंध संस्थानात, दुसरे सातारा जिल्ह्यात. १९४९ मध्ये या भागाचा ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. दारिद्र्य दोघांच्याही घरी होते. गदिमांच्या प्रतिभेला यातून तसूभरही उणेपणा येत नाही. त्यांनी भोगलेली उपासमार खरी होती. पण गरीब ब्राह्मण मुलाला संस्थानची शाळा होती, पाठांतराची परंपरा होती, आणि स्टुडिओच्या दारात उभे राहिल्यावर आत घेतले जाण्याची शक्यता होती. वाटेगावच्या मुलाला स्टुडिओचे दार दिसण्याआधी अक्षर दिसायला हवे होते.

अण्णा भाऊंना सिनेमाचे आकर्षण नव्हते असे नाही. मुंबईच्या पडद्याने त्यांना फार लवकर भुलवले होते. पण त्यांचा रंगमंच कामगार वस्तीतला ठरला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. सावळजकरांनी घडवलेला वग त्यांनी उचलला. गणातला गणपती बाजूला करून मातृभूमीला आणि श्रमिकांना वंदन केले, गौळण काढून टाकली आणि सावकार-जमीनदाराला उभे-आडवे सोलले. मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा याच प्रकाराला ‘लोकनाट्य’ हे नाव मिळाले. आज विद्यापीठांत शिकवला जाणारा हा शब्द बंदी चुकवण्याच्या गरजेतून रुळला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१९५९ मध्ये ‘फकिरा’ आली. गुन्हेगार जमाती कायद्याखाली रोज हजेरी द्यावी लागणाऱ्या, दुष्काळात खजिना आणि धान्य लुटून उपाशी वस्ती जगवणाऱ्या मांग वीराची ही कादंबरी. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. सिनेमाला आता वारणेच्या खोऱ्यातली ही माणसे हवीहवीशी वाटू लागली. ‘वैजयंता’ (१९६१), ‘फकिरा’ (१९६३), ‘टिळा लावते मी रक्ताचा’, ‘डोंगरची मैना’, ‘मुरळी मल्हारीरायाची’, ‘वारणेचा वाघ’, ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’... किमान सात चित्रपट त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर निघाले, त्यांतले काही त्यांच्या निधनानंतर.

सात चित्रपट, आणि एकाचेही दिग्दर्शन त्यांच्याकडे नाही. श्रेयनामावलीत ‘कथा’ या शब्दापुढे त्यांचे नाव येते. मग पाटी बदलते. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत ज्या माणसाने ही सारी दुनिया लिहिली, तो १८ जुलै १९६९ ला हलाखीतच गेला.

असे दुसरीकडेही घडत होते का? घडत होते, पण एका माणसाने वेगळा निर्णय घेतला. अमेरिकेत १९१५ मध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटाने काळ्या माणसाला राक्षस ठरवून अफाट पैसा कमावला. त्याच काळात साउथ डकोटाच्या माळरानावर ऑस्कर मिशो नावाचा काळा शेतकरी कादंबऱ्या लिहीत होता आणि दारोदार फिरून विकत होता. त्याचे वडील गुलामगिरीत जन्मलेले. त्याच्या कादंबरीवर चित्रपट काढायला लिंकन मोशन पिक्चर कंपनी तयार झाली. ही कंपनी काळ्या लोकांचीच होती. मिशोने एक अट घातली: दिग्दर्शन मी करणार. कंपनीला ते मान्य झाले नाही. मिशोने ओळखीपाळखीच्या लोकांना समभाग विकून पैसे जमवले आणि १९१९ मध्ये ‘द होमस्टेडर’ स्वतःच काढला. पुढच्या तीन दशकांत त्याने चाळीसच्या आसपास चित्रपट केले. फिल्मचे डबे घेऊन तो गावोगाव हिंडे. त्यातले बहुतेक नष्ट झाले. ‘विदिन अवर गेट्स’ची एक प्रत कितीतरी वर्षांनी स्पेनमध्ये सापडली.

मिशोला एक सोय होती, जी अण्णा भाऊंना नव्हती. वंशभेदाच्या कायद्यांनी अमेरिकेत काळ्यांची वेगळी चित्रपटगृहे निर्माण केली होती. तो अन्यायच होता, पण त्या अन्यायातून एक बाजार तयार झाला. काळा प्रेक्षक पैसे मोजून काळ्याचा चित्रपट पाहू शकत होता. महाराष्ट्रातल्या दलित प्रेक्षकाचे वेगळे चित्रपटगृह नव्हते, वितरक नव्हता, पतपेढी नव्हती. जत्रेतल्या तंबूत तो खाली मातीवर बसून सगळ्यांबरोबर तोच चित्रपट पाहत होता. गावात पाणवठा वेगळा, पडदा मात्र एक.

तरीही या भागातल्या एका माणसाने कॅमेरा लावला. दुर्दैवाने त्याचे नाव आजही थोड्यांना ठाऊक आहे.

नामदेव व्हटकर सातारा जिल्ह्यातल्या मसूरचे. जन्म १९२१ चा, म्हणजे अण्णा भाऊंच्याच पिढीचा. दलित कुटुंबातला हा माणूस लेखक होता, नट होता, गायक होता, चित्रपटांच्या धंद्यात धडपडत होता, पुढे आमदारही झाला. ‘कथा माझ्या जन्माची’ हे त्यांचे आत्मचरित्र.

६ डिसेंबर १९५६. बाबासाहेबांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. पार्थिव रात्री विमानाने मुंबईला निघाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या राजगृहापासून चौपाटीपर्यंत अंत्ययात्रा निघणार होती आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने, पायी, रडत मुंबईकडे येत होती. व्हटकरांच्या लक्षात आले की हा दिवस फिल्मवर उतरला नाही, तर पुढच्या पिढ्यांना तो ऐकीव राहील.

चित्रीकरणाचा अर्थ तेव्हा काय होता, याची आज कल्पना येणार नाही. खिशात फोन नव्हता. कच्ची फिल्म परदेशातून येई, मर्यादित मिळे आणि रोख पैशाने घ्यावी लागे. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचे हजार फूट म्हणजे पडद्यावर जेमतेम अकरा मिनिटे. कॅमेरा भाड्याने, कॅमेरामन रोजाने, धुलाई प्रयोगशाळेत, आणि या सगळ्याची तजवीज एका रात्रीत. व्हटकरांनी घर गहाण टाकून पैसा उभा केला. ७ डिसेंबरला त्यांच्या कॅमेऱ्याने सुमारे तीन हजार फूट फिल्म टिपली. फुलांनी भरलेला ट्रक, छपरांवर आणि झाडांवर चढलेली माणसे, चौपाटीवरची चिता. त्याच चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना धम्मदीक्षा दिली.

त्या अंत्ययात्रेची जी हलती दृश्ये पुढे लोकांनी पाहिली, त्यांच्यामागे मसूरच्या या माणसाचे गहाणखत आहे. मराठी चित्रपटाचे इतिहास तमाशापटांना प्रकरणामागून प्रकरणे देतात. या तीन हजार फुटांना त्यांत एक परिच्छेद मिळायलाही मारामार पडते. जुन्या स्टुडिओंच्या थोरवीत रमणाऱ्या लेखकांनी याचा हिशेब कधीतरी द्यायला हवा.

नंतरचा काळ साहित्याचा आणि रस्त्यावरच्या लढ्याचा आहे. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली आणि नावासाठी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहिले. हे नाते त्याहून जुने होते: १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे नेते आणि विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले होते. दलित कवितेने मराठी भाषा मुळापासून हलवली. कागद आणि पेन स्वस्त होते. कॅमेरा स्वस्त नव्हता. म्हणून कविता १९७२ मध्ये आली आणि चित्रपटाला आणखी चार दशके लागली.

तो आला करमाळा तालुक्यातल्या जेऊरहून. नागराज मंजुळे वडार कुटुंबातले. शासकीय यादीत वडार विमुक्त जातींत मोडतात; गावाच्या यादीत पूर्वापार वेशीबाहेर. कविता लिहिणाऱ्या या तरुणाने ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१३ मध्ये ‘फँड्री’ आला.

‘फँड्री’तला एक प्रसंग ज्यांनी पाहिला ते विसरलेले नाहीत. कैकाडी कुटुंब गावाच्या हुकमावरून डुक्कर पकडते आहे. शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात, आणि डुक्कर निघून जाते. पुढे मेलेले डुक्कर बांबूला बांधून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा, शाहू महाराज यांची चित्रे दिसतात. शेवटी जब्या दगड भिरकावतो. तो थेट कॅमेऱ्यावर येतो, म्हणजे प्रेक्षकावर येतो. ‘धर्मात्मा’तला जेवू घालणारा माणूस ७८ वर्षांनी वळून पाहत होता, आणि या वेळी कॅमेराही त्याच्याच माणसाच्या हातात होता.

जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे केम गावात हलगी वाजवताना मंजुळ्यांना सापडला. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रतिभा कुठे शोधायची, याचे सावळज-कवलापूरला माहीत असलेले उत्तर सिनेमाला दीडशे वर्षांनी पुन्हा शोधावे लागले.

२०१६ चा ‘सैराट’ सर्वांना तोंडपाठ आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत बसण्याचे कारण नाही. एवढेच पाहावे: हिंदीत ‘धडक’ (२०१८) करताना कथा राजस्थानात नेली, आणि ज्या जातीवर मूळ कथा उभी होती ती जात विरळ करून टाकली. गाण्यांची चाल राहिली, पळून जाणारी जोडी राहिली. ‘कथा’ या पाटीपुढे नाव ठेवून माणूस बाहेर ठेवण्याची जुनी रीतच नव्या कपड्यांत आली होती.

हिंदीच्या आतून वेगळे काम नीरज घायवान करीत आहेत. हैदराबादेत वाढलेले, मराठी दलित कुटुंबातले. ‘मसान’ला २०१५ मध्ये कान महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले. आपली ओळख आपण दीर्घकाळ लपवली होती, असे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले. २०२१ च्या ‘गीली पुच्ची’त त्यांची भारती मंडल शिकलेली असूनही कचेरीतल्या टेबलाऐवजी कारखान्यातल्या यंत्रापाशी ठेवली जाते, आणि सहकारी तरुणीला आपले आडनाव बॅनर्जी असल्याचे सांगते. ही गोष्ट लिहायला संशोधन पुरत नाही. आपल्या कामासाठी दलित-बहुजन समाजातले सहायक हवेत, असे आवाहन घायवान यांनी समाजमाध्यमावर केले तेव्हा त्यांच्यावरच जातीयवादाचा आरोप झाला. शंभर वर्षे आपल्याच ओळखीपाळखीतून सहायक निवडणाऱ्या उद्योगाला तो शब्द तेव्हाच आठवला.

तमिळमध्ये पा. रंजित यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढून मारी सेल्वराजसारख्या दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट ‘परियेरुम पेरुमाळ’ उभा केला. एकामागून एक माणसे आली. मराठीत अजूनही मोजायला बोटे पुरतात.

आणि व्हटकर? २०२३ मध्ये ‘महापरिनिर्वाण’ या मराठी चित्रपटाची घोषणा झाली. ७ डिसेंबर १९५६ ला कॅमेरा लावणाऱ्या माणसाची ती कथा, आणि मसूरच्या नामदेव व्हटकरांच्या भूमिकेसाठी प्रसाद ओक यांची निवड झाली.